न खाल्लेलं मीठ

माकुराझाकीच्या बंदरात बोटीवरून उतरलं
की वाऱ्यातच धूर भेटतो,
ओकच्या सरपणावर आठवडेच्या आठवडे
वाळत पडलेल्या कात्सुओ माशाचा.
बाहेरची माणसं म्हणतात, इथली हवाच खारट.
हवेला कसली चव?
पण मी हसत नाही, माझं पोट त्यावरच चालतं.

कागोशिमाच्या प्रयोगशाळेत
मी लोकांना कोमट पाण्याचे दोन पेले देते.
पहिल्यात मीठ, नावापुरतं.
दुसऱ्यातही तेवढंच, मोजून तेवढंच,
फक्त धुराच्या माशाचा वास सोडलेला.
"जास्त खारट कुठलं?"
सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवतात.
सगळे म्हणजे, बसचालक होकाझोनो-सान सोडून.
ते दर वेळी पहिला पेला उचलतात
आणि आम्ही तेही इमानाने लिहून ठेवतो.

मग नाकाला चिमटा.
नाक दाबलं की तोंड उघडतं, खरं आहे,
पण चव मात्र मिटते.
दोन्ही पेले सारखेच अळणी.
चिमटा काढला
की घशामागच्या जिन्याने वास वर चढतो,
आणि कानशिलाच्या आत, मेंदूच्या एका घडीत,
जिभेचा निरोप नि नाकाचा निरोप
एकाच पंगतीला बसतात.
कुणी काय आणलं, तिथे कुणी विचारत नाही.
या वासामागून आजवर मीठ येत आलंय,
म्हणून त्याचं पान आधीच मांडलेलं असतं.

खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणतात.
मेंदू न खाल्लेल्या मिठालाही जागतो.

बाबांच्या हृदयाने पहिला इशारा दिला
तेव्हा हे गुपित मी आईला सांगितलं.
तिने सूपातलं मीठ निम्मं केलं,
मासा अगदी शेवटी रंध्यावर किसला,
झाकण लावलं,
आणि ते बाबांच्या नाकाखाली नेऊन उघडलं.
बाबा म्हणाले, "फुसाए, आज हात सैल सुटला वाटतं."
आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
असे तीन हिवाळे गेले.

चौथ्यात तिला ताप आला,
उतरताना वास घेऊन गेला.
तिने कुणाला सांगितलं नाही.
सूप चाखायची, चमचाभर मीठ टाकायची,
पुन्हा चाखायची.
रविवारी मी घरी गेले, एक घोट घेतला,
निव्वळ समुद्र.
बाबांची वाटी रिकामी होती.
दुसरीही.

"तुम्हाला कळत नव्हतं?"
ते मागच्या अंगणात जाळी शिवत होते. वर न बघता म्हणाले,
"दहा-दहा वेळा चाखत होती गं.
मी काय सांगायचं तिला?"

आता चुलीपाशी ते उभे राहतात.
मीठ तेच मोजतात, डॉक्टरांच्या चमच्याने,
आणि मासाही तेच किसतात, वेडावाकडा,
जाड जाड सालपटं पाडत.
रंधा करकरतो.
आई डोळे मिटून बसते, वाटी दोन्ही हातांत धरून.
एक घोट घेते, थांबते.

"आज लागतंय," म्हणते. "थोडं खारट."

खरं की बाबांसाठी, मला ठरवता आलं नाही.
तिचं नाक अजून बंद आहे, मी तपासलंय.
फक्त त्या वेळी रंधा चालू होता.

माझ्या तक्त्यात आवाजाला रकाना नाही.