चाळीस लिटर

माझं घर आधी सतरा सीटांचं होतं.
कागलच्या शाळेनं विकायला काढलं तेव्हा
शेवटच्या बाकाखाली एक तुटकी पट्टी सापडली,
शाईनं नाव लिहिलेली, आडनाव पुसलेलं.
उद्यमनगरात दिलावर शिकलगारनं बाकं कापली,
ठिणग्यांआडून विचारलं,
"खिडक्या किती ठेवायच्या?"
सगळ्या, म्हटलं.
फ्लॅटला दोनच होत्या, त्यातली एक डक्टात उघडणारी.

आता दीड फुटी ओटा,
झोपायला फळी,
फळीखाली टाकी, चाळीस लिटर.
आंघोळ तीन तांब्यांत.
बँकेनं पत्ता विचारला, मी गाडीचा नंबर लिहिला,
साहेबांनी पेन खाली ठेवलं.

एप्रिलात आम्ही पन्हाळ्यापलीकडं, पठारावर.
पुढं भूपाल मगदूमची जीप,
मागं दिलावरची, दरवाजेच नसलेली,
तीत शैलाक्का, गळ्यात होकायंत्र,
तीस वर्षं भूगोल शिकवला,
वाळवंट नकाशातच पाहिलं.
"हेच आपलं जैसलमेर," ती म्हणते.
आणि खरंच, लांबवर सावली नाही,
कातळ करपल्या भाकरीसारखा,
मधेच तांबड्या भुकटीचा पट्टा,
चाक शिरलं की जीप नावेसारखी डुलते
आणि हसणाऱ्यांचे दात लाल होतात.
माझं घर सगळ्यात मागं, पहिल्या गिअरात,
भांडी वाजवत.

परवा भूपालनं डावीकडं घातली.
"वाट हाय की! माग बघ!"
माग होता.
म्हशींचा होता.
पुढचं चाक एका अंगानं खचलं,
उतरून बघतो तर
दगडांनी बांधलेला झरा, हातभर खोल,
त्यात आमचं चाक,
चाकाभोवती पाणी, चहाच्या रंगाचं.

इंजिन बंद केल्यावर कळतं
पठार केवढं आहे.

धनगरवाड्याकडून एक बाई आली,
डोक्यावर चुंबळ, कमरेला घागर.
तिच्या शिव्या आम्ही मनात आधीच खाऊन घेतल्या होत्या.
ती उकिडवी बसली. बोट बुडवलं. हुंगलं.
"म्हसरं येतील आता," एवढंच म्हणाली.

मी टाकीचा पाईप सोडला,
घमेल्यात, परत घमेल्यात.
चाळीस लिटर म्हणजे
दोन म्हशी, त्याही अर्धपोटी.
तिसरी रिकामं घमेलं चाटत राहिली,
पत्र्यावर जिभेचा खरखर आवाज.

मग जीप ओढून काढली.
भूपाल गाळ उपसत होता, नवा शर्ट घालून.
शैलाक्का ओच्यात दगड आणत होती.
जन्मभर लोखंडाला लोखंड जोडणारा दिलावर
दगडावर दगड बसवताना तीनदा चुकला,
चौथ्यांदा ठकूबाईनं त्याच्या हातातून घेतला
आणि फिरवून लावला.
नाव तेव्हा विचारलं आम्ही. तोवर सुचलं नव्हतं.

तिनं माझ्या दारातून आत डोकावलं.
"ह्यात ऱ्हातीस?"
व्हय.
"एकलीच?"
व्हय.
"आन् जितराब?"
मी चिखलातल्या तिघांकडं बोट केलं.
तेव्हा हसली. समोरचे दोन दात नव्हते.

रात्री कोणी परत गेलं नाही.
बॅटरी पाण्यावर धरून बसलो,
कातळ कुठून पाझरतो ते दिसत नव्हतं,
फक्त दगडावरची ओली रेघ
एक बोट वर, मग बराच वेळ काही नाही.
तासाला तांब्याभर, शैलाक्कानं मोजलं.
भूपाल पहिल्यांदाच गप्प होता.
मला तीन तांबे आठवले,
रोजचे,
आणि अंगावर धूळ तशीच ठेवून झोपले.

पहाटे पायरीवर तिची घागर,
अर्धी भरलेली, तोंडाला फडकं.

आता गाडी रंकाळ्याच्या बाजूला लावली आहे.
नळावर टाकी भरली, पाईप लावून, चार मिनिटांत.
घागरीतलं पाणी प्यालो चौघं, वाटून.
परत द्यायला जायचं आहे.
भूपाल म्हणतो, गाड्या खालीच ठेवू.
शैलाक्का म्हणते, सोबत गूळ नेऊ.
दिलावर घागर उजेडात धरून फिरवतो,
म्हणतो, काठ चेपलाय हिचा,
थांबा,
आधी ठोकून सरळ करतो.