तीन थापा

पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून एकोणीस वर्षं
मी चटईवर थापा मारतो.
तीन मारल्या की कुणीतरी हरतं.
बायको म्हणते, तुझा धंदाच थापांचा, वेंडल.
खरंय. पण थापसुद्धा वेळेवर पडावी लागते.

लोरेन, ओहायो. फेब्रुवारी.
सरोवरावरचा वारा चर्चच्या हॉलमध्ये शिरतो
आणि तिकिटांच्या टेबलावरचे सुटे डॉलर उडवतो.
खुर्च्या दोनशे. माणसं त्र्याण्णव.
मी मोजली. मला तेवढंच येतं.

क्लेटन प्रुइटनं आजच्या लढती लिहून आणल्यात
पिझ्झाच्या खोक्याच्या झाकणावर.
तेलाच्या डागाखाली दुसरी लढत वाचता येत नाही.
"ती ना? संपव कशीही."

तर ती कशीही संपली.
दोन मुखवटेवाले, दोघंही निळे,
त्यातला दुष्ट कोण ते लोकांना कळेना,
आणि मला वाटतं, त्या दोघांनाही.

मग मरीसोल आणि डॉन-अॅन.
ऑगस्टपासून एकमेकींच्या जिवावर उठलेल्या,
हरेल तिचं मुंडण, अशी पैज.
चार मिनिटं झाली आणि दिवे गेले.
गेले कसले, घालवले.
आले तेव्हा रिंगणात मी एकटा,
हातात कात्री.
पहिल्या रांगेतली बाई पर्स मांडीवर धरून
माझ्याकडे बघत राहिली,
शेवटची बस चुकल्यासारखी.

आणि शेवटी मिलान हॉर्वाथ.
सत्तावन्न वर्षांचा, पोलादाच्या भट्टीवरून निवृत्त,
ह्याच हॉलमध्ये त्याच्या लग्नाचं जेवण झालेलं.
समोर क्लेटनचा भाचा कोल्बी,
अंगाला तेल, दातांना चकाकी,
आणि पडायचं कसं ते अजून कुणी शिकवलेलं नाही.
नुरा कुस्तीलाही आधी कुस्ती यावी लागते.

"नव्वद सेकंद," क्लेटन म्हणाला होता. "सरळ चितपट."
मी म्हटलं, लोक मिलानसाठी आलेत.
"लोक काय, येतातच."

कोल्बी दोरावर चढला, तिथून उडाला,
वाकडा.
मिलान सरकला असता तर पोराची मान गेली असती.
नाही सरकला.
छातीवर घेतलं त्यानं त्याला, सगळ्या वजनानिशी.

एक.
शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
शिवी देणाऱ्याचा निदान विश्वास असतो.

दोन.
कुणीतरी कोटाची चेन ओढली,
तिचा आवाज रिंगणापर्यंत आला.

माझा हात वर गेला आणि वरच राहिला.
मी वाकलो. खोकल्याच्या गोळीचा वास.
"खांदा उचल, मिलान. क्लेटनला मी बघून घेतो."
तेव्हा दिसलं,
त्याचा डावा पंजा पोराच्या मानेमागे होता अजून,
गरम कप धरावा तसा.
पोरगं थरथरत होतं.

"मोज, वेंडल," तो म्हणाला.
"ह्याला उठवायचंय मला."

तीन.

टाळ्या वाजल्या, सात-आठ.
एका मुलानं बापाला विचारलं, आता खरी होणार का?
बाप मोजे शोधत होता.

नंतर मिलान खुर्च्या आवरायला लागला,
एका खेपेला चार,
ज्यांवर कुणी बसलंच नव्हतं त्यासुद्धा.
कोल्बी एक-दोनदा त्याच्या आसपास घुटमळला,
मग मुकाट्यानं दुसऱ्या टोकापासून आवरू लागला.
क्लेटननं मला चाळीस डॉलर दिले
आणि उरलेला पिझ्झा,
झाकण नसलेला, गारढोण.

घरी आलो. बायको जागी होती.
"कसा झाला खेळ?"
"मस्त," म्हटलं.

ही चौथी.