पाण्याची वेळ

फॉर्मवर नवव्या ओळीत विचारलंय :
ताण आहे का? हो / नाही.
पुढे दोन चौकोन, शेंगदाणा मावेल एवढे.
परळच्या त्या खिडकीपाशी पेन दोरीनं बांधलेलं,
दोरी आखूड,
त्यामुळे सगळेच वाकून उत्तर देतात.

मी चौकोन सोडून बाजूला लिहिलं : पाणी.

कुडतरकर डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. पाणी?

मग सांगावं लागलं.
घोडपदेवला आमच्याकडे पाणी यायचं तीन चाळीसला,
पहाटेच्या. पस्तीस मिनिटं,
त्यातली पहिली पाच नळ नुसता खाकरायचा.
एकवीस वर्षं मी गजराच्या आधी उठले.
निळा ड्रम, दोन कळश्या, मोरीतली बादली,
सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा आणखी एक टब.
एक कान नळाशी ठेवून झोपायचे.
पुढे भावाच्या कर्जाला जामीन राहिले,
दुसरा कान फोनशी गेला.

तीन वर्षांपूर्वी वेळ बदलली.
आता संध्याकाळी सहाला येतं, चांगलं जोरात.
चाळ कमिटीनं पेढे वाटले.
फक्त माझ्या अंगाला कुणी कळवलं नाही.

बाईंनी केसपेपरच्या मागे मूत्रपिंडं काढली,
त्यांच्यावर दोन टोप्या.
इथून हाक जाते, म्हणाल्या, धावा, धावा!
वाघ गेला की हाक थांबायला हवी.
तुमची थांबलीच नाही.
रोज तीच हाक ऐकून
आतले पहारेकरीसुद्धा मग डुलक्या काढतात.

म्हणजे त्यानंच गाठ झाली?

तसं मला लिहून देता येणार नाही. एवढं सरळ नसतं ते.
(पेनचं टोपण त्यांनी लावलं, काढलं, लावलं.)
पण न झोपलेलं शरीर औषध कसं सोसतं
ते मी रोज बघते.

तिसरी केमो आठवडाभर पुढे गेली.
पांढऱ्या पेशी कमी भरल्या.
औषधानंच होतात त्या कमी, तुमची चूक नाही, नर्स म्हणाली,
तरी मी वाण्याकडे सुट्टे कमी पडल्यासारखी
पर्स चाचपत उभी.

नणंद आली डोंबिवलीहून, शहाळं घेऊन.
वहिनी, तू मनाला फार लावून घेतेस गं.
मनात गाठी ठेवल्या की त्या अंगात उतरतात.
मी स्ट्रॉ फिरवत राहिले. शहाळं गोड होतं,
ते तिला सांगितलंही.

गाठी मी जन्मभर मारल्या.
पदराला किल्लीची, फडक्यात भाकरीची,
महिनाअखेरीला रुमालात दहाच्या नोटांची.
ज्या मारल्या त्या मला सोडवताही आल्या,
नखानं, दातानं, एखादी सुईनं.
ही मी मारलेली नाही.
फॉर्मवर जागा नाही, म्हणून इथे लिहिते.

काल पुन्हा तीन चाळीस.
उठून नळ सोडला. आत नुसती हवा,
म्हाताऱ्यासारखी.
मागून ह्यांचा आवाज : भरलं का?

तुम्ही जागे?
तू उठतेस ना.
कधीपासून?
ह्यांनी बोटं मोडून हिशेब धरला,
दुसऱ्या हातावर आले आणि सोडून दिला.

एकवीस वर्षं मला वाटत होतं
चाळीत मी एकटीच जागी.

सकाळी ड्रम भंगारात दिला. एकशे वीस रुपये.
नव्वद म्हणत होता, हे भांडले.
लादीवर गोल राहिलाय,
बाकीच्या लादीपेक्षा नवा, उजेड न लागलेला.
त्यात उभी राहून मी चहा टाकते.

आजही जाग आलीच. उठले नाही.
अंधारात हात लांबवला,
तो तिथे होता, उघडा, वाट बघत.
पाणी नव्हतं, फोन नव्हता.
चार वाजले. चार वाजून दहा.
मग कधीतरी कुणी आधी झोपलं,
ते बहुतेक मी असेन.

सोमवारी परत रक्त द्यायचंय.