कुठला पाय पुढे

रामबागेत मे महिन्यात रात्री अकरालाही
गच्चीची फरशी तव्यासारखी,
आणि आम्ही दोघं बर्फ निवडतोय.

चारुहासच्या वहीत तीन नावं:
गुलमर्ग, औली, सोलंग.
पुढे रकाने. उतार, उंची, भाडं, दवाखाना किती लांब.
दवाखान्याखाली दोन रेघा.
माझ्यासाठी स्थळं बघताना बाबांची वही अशीच होती,
तिच्यातही उंचीचा रकाना होता.

त्याला गुलमर्ग हवं,
पाळण्यात बसून वर, आणखी वर,
जिथे झाडंसुद्धा येत नाहीत.
मी म्हणते, अरे, आपण लुनावरून पडलेली माणसं,
आपल्याला औली बरं,
तिथला उतार म्हणे अंगावर येत नाही.
सोलंग त्यानं लिहिलंय ते नुसतं
साडीच्या दुकानात पहिली साडी दाखवतात तसं.

हॉटेलवाल्याला फोन लावला.
तो म्हणाला, जानेवारी संपता संपता या, बर्फ असेल.
तारखेचं मात्र विचारू नका,
त्यानं माझ्या बापालाही कधी तारीख दिली नाही.

बर्फातलं आम्हाला काय कळतं?
बाबा पोलोग्राउंडला बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहायचे.
लादी, भुसा, गोणपाट.
उन्हाळ्यात एखादी लहान लादी घरी यायची
सायकलच्या कॅरियरवर, पाणी गाळत,
मोरीपर्यंत पोचेतो पाऊण उरायची.
त्या पाऊण लादीवर एकदा मी अनवाणी उभी राहिले होते,
पैजेखातर, अंक मोजत.
हे चारुहासला कधी सांगितलेलं नाही.
तसा प्रसंगच आला नाही.

भाड्याच्या फळीसाठी एक अर्ज असतो.
बुटाचं माप. वजन, त्यात त्यानं स्वतःचे चार किलो गाळले.
आणि मग: कुठला पाय पुढे?
हे कसं ओळखायचं? तर
मागून कुणीतरी अवचित ढकलावं.
पडू नये म्हणून जो आपसूक पुढे येतो, तो आपला.

तुझा उजवा, चारुहास म्हणाला, लिहूनच टाकतो.
बावीस वर्षांपूर्वी माप ओलांडलंस
तेव्हा मी शेजारीच होतो की.

होता खरा.
पण सासूबाई कानाशी तीनदा म्हणाल्या होत्या,
उजवा हं, उजवा,
ते त्याला ऐकू गेलं नसणार, बँड चालू होता.

मी उशा झटकत होते,
आणि त्यानं ढकललं.
डावा.
पुन्हा.
डावा.
तिसऱ्यांदा मी आधीच ठरवून उभी राहिले,
उजवा, उजवा म्हणत,
तरी डावाच.

आम्ही दोघंही त्या पायाकडे बघत राहिलो.
सैल झालेलं जोडवं, टाचेला भेग,
बावीस वर्षं दुसऱ्याच्या मागून चालला,
उंबऱ्यावर, देवळात, नव्या फ्लॅटच्या पूजेला.
चुकून कधी पुढे झाला असेल
तर गर्दीत, सराफ्यात, कुणी बघत नसताना.

मग त्याची पाळी. मी ढकललं.
हललाच नाही.
जोर लावून ढकललं, तर दोन्ही पाय एकदम उचलून
पाण्याच्या टाकीला मिठी मारली.
अर्जात असा रकाना नाही.

टाकीपाशीच उभं राहून तो म्हणाला,
औलीच बघू या का? तू म्हणत होतीस ना,
मऊ उतार.

मी पेन घेतलं. पायापुढे लिहिलं: डावा.
गुलमर्गपुढे खूण केली, जरा मोठीच झाली.
आणि दवाखाना? तो म्हणाला.
तो रकाना तू भर.

खाली कुणाचा तरी कूलर घरघरत होता.
गादीवर आडवं पडल्यावर मी त्याला
पाऊण लादीची गोष्ट सांगितली.

किती मोजलेस?
सत्तर.
अनवाणी? सत्तर?
हो. मग बाबा आले.