अंकल लेक

पंधरा दिवस घोकून घेतलं मी:
माय नेम इज, माय एम इज,
मान वर, आवाज मोठा,
जगाशी बोलायचंय, गंमत नाही.

तिकडे पोर्तुगालात सकाळचे अकरा.
इकडे साडेचार होऊन गेलेले,
पावणेपाचला कोटगावची शेवटची गाडी.
भिंतीवर निळं वर्तुळ फिरत राहिलं,
दहावी ब दारातल्या चपलांकडे बघत राहिली.

लागलं एकदाचं.
एक झिपऱ्या मुलगा, पाठीमागे खिडकीत समुद्र.
एम त्यानं विचारलंच नाही.
म्हणाला, तुमच्याकडे पाणी कुठं आहे?

दामिनी कुमरे उठली,
हजेरीलाही जी नुसता हात वर करते.
वुई हॅव अंकल लेक.
मामा तलाव!
वर्ग खिदळला, मी कपाळाला हात लावला,
आणि तो पुढे वाकून, अगदी गंभीर:
हूज अंकल?

बाहेर हॉर्न. पुन्हा हॉर्न.
मग कंडक्टर सिडाम स्वतःच खिडकीशी,
गळ्यात तिकिटाचं मशीन.
"होऊ द्या जी मॅडम, पोट्टी बोलून राह्यली."

मामा म्हणजे माजी मालगुजारी,
सरकारी कागदावरचं आखूड नाव.
मी सांगणार,
तोवर दामिनीनं सांगून टाकलं:
ऑल पीपल अंकल. ही गिव्ह फिश.
ही गिव्ह धान वॉटर. ही गिव्ह शिंगाडा.

चित्र तिथंच गोठलं.
त्याचं तोंड उघडं,
शिंगाडा ओठांवर अर्धा.

गाडी तेरा मिनिटं उशिरा सुटली.
अहवालात एक रकाना आहे, सुधारणेस वाव.
व्याकरण, असं लिहून ठेवलंय.
पेन्सिलीनं.