य च्या जागी झ

भाच्यानं जर्मनीहून आणलेला कीबोर्ड
फुकटचा म्हणून ठेवून घेतला.
सांगलीत राजवाडा चौकात जिन्याखाली माझं टेबल,
बावीस वर्षं टायपिंग, बोटांकडे न बघता,
पानाला तीस रुपये, घाई असेल तर चाळीस.

दाबला य, आला झ.
यादवांचे झादव झाले,
येळावीची माणसं झेळावीला राहायला गेली.
तारखेतल्या रेघेच्या जागी
पोट सुटलेला एक इंग्रजी बी
शेपटी लोंबवत उभा.
ओ च्या डोक्यावर दोन टिंबं,
अनुस्वाराला जुळं झाल्यासारखी.

‘सवय होईल, मामी,’ भाचा फोनवर.
सवयच तर आहे रे, तीच नडतीय.

आठ दिवस चोरासारखी खाली बघत टाइप केलं
तरी एक निसटलंच:
यमनाबाई दादू कोळी, मुक्काम हरिपूर,
यांचं प्रतिज्ञापत्र
झमनाबाई होऊन गेलं,
शिक्का घेऊन परत आलं.

मग मिरजेहून अल्ताफ आला.
त्याचे वडील सतारीला पडदे बांधतात,
हा कॉम्प्युटर उघडतो.
एडिटरच्या पोटातून कसलीशी फाइल काढली,
दोन ओळी लिहिल्या:
ह्याला तो म्हण, त्याला हा.
‘पडदा केसभर सरकलावता काकू, तार चांगलीय.’
पैसे नको म्हणाला. मग घेतले.

आता बटणावर छापलंय झेड, उमटतो य.
यंत्र निमूट ऐकतंय.
पण आठ दिवसांत वाकडं शिकलेली बोटं
सरळ बटणावर पुन्हा चुकतात,
त्यांच्या पोटातली फाइल कोण उघडणार?

सोमवारी यमनाबाई आल्या, दुसऱ्या अर्जासाठी.
म्हटलं, आजी, चूक माझी, दुरुस्त करून देते, फुकट.
त्या घाबरल्याच.
‘नगं बाई. शिक्का बसलाय तिच्यावर.
पैसं तिच्याच नावानं यायचं हाईत.
येमने म्हणून हाक मारणारा हुता,
त्यो बी गेला.
आता ऱ्हाऊ दे झमना.’

खाली बघितलं. शोधलं.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
चुकीचं अक्षर मुद्दाम दाबलं.
तीस रुपये काही घेतले नाहीत.

त्यांनी पिशवीतून दोन वांगी काढली,
नदीकाठची, काटेरी देठांची,
आणि जागा दिसेल तिथं, कीबोर्डवरच ठेवली.
स्क्रीनवर
ययययययययय
ओळ संपेपर्यंत.