पाण्यात गेलेले

चौतीस वर्षं आम्ही मासे उकडले.
वीतभर लांबीचे, रुपेरी, टनांनी.
उकडून, पिळून, वाळवून भुकटी:
दूरच्या देशांतल्या कोंबड्यांचं जेवण.
पिळून उरे ते तपकिरी, ऊन, चिकट,
कामगार त्याला म्हणत शेपटीचं पाणी;
एका जाड नळातून ते उपसागरात जाई.

वास लग्नाच्या कपड्यांनाही यायचा.
शाळेत बाई खिडक्या लावून शिकवायच्या.
फिदेन्सिओसाहेब म्हणत, हा पगाराचा वास,
आणि पगाराच्या दिवशी
ते खोटंही वाटत नसे.

मग आम्ही बदललो.
वार्षिक अहवालात कारण दिलंय:
'पॅसिफिकच्या ऋणातून अंशतः उतराई.'
ते वाक्य मीच टाइप केलं.
त्याआधी नॉर्वेहून खरेदीदाराचं पत्र आलं होतं,
अकरा प्रश्न, खाली मुदतीची तारीख.
लिमाहून नवा निरीक्षक आला होता,
जेवायला चला म्हटलं की स्वतःचा डबा दाखवणारा.
आणि शिंपल्या विकणाऱ्या एर्लिंडा चुकीपोमाने
शेपटीचं पाणी बाटलीत भरून
बँकेच्या काउंटरवर ठेवलं होतं.
आमचं कर्ज त्याच बँकेचं.

बाष्पीभवनाचं यंत्र आलं.
पहिल्या वर्षी सगळा ताळेबंद लाल.
साहेब कपाळाला हात लावून म्हणाले,
पैसे पाण्यात गेले, नेली.

दुसऱ्या हंगामात ते पाणी आटून पाक झालं,
पाक भुकटीत मिसळला.
पूर्वी पाच टन माशांची एक टन भुकटी,
आता सव्वाचार टनांचीच.
मी रात्री थांबून उलटा हिशेब मांडला,
चौतीस वर्षांचा.
कॅल्क्युलेटरचे आकडे संपले, मग कागदावर.
पैसे खरंच पाण्यात गेले होते,
नळातून, रोज, तीन पाळ्यांत.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला.
समुद्राबद्दल काही बोलले नाहीत.
म्हणाले, हा बाबांना दाखवू नकोस.
बाबा नव्वदीचे; तो नळ त्यांनी स्वतः जोडला होता.

आता परिषदांतून विचारतात,
स्वच्छ झालात म्हणून नफा झाला ना?
मला ठाऊक नाही.
शेजारच्या सालिनास बंधूंनीही तेच यंत्र घेतलं,
त्याच वर्षी समुद्र तापला, मासे फिरकले नाहीत,
आणि त्यांची बँक आमच्या बँकेइतकी थांबली नाही.
त्यांचं यंत्र आम्ही निम्म्या किमतीत उचललं.
हेही नफ्यात धरलंय.

खिडक्या उघड्या असतात शाळेच्या.
शिंपल्या थोड्या परतल्यात, लहान आहेत अजून.

एर्लिंडाने ती पहिली बाटली
बूच लावून दुकानात मांडून ठेवलीय, लिंबांशेजारी.
साहेब दरवर्षी विकत मागतात.
दरवर्षी ती भाव सांगते.
यंदा दुप्पट सांगितला.